डोंगरात पीएचडी करायला जायचं, तर पैशांचा हिशेब कसा मांडायचा?

नेट-जेआरएफ किंवा गेटचा निकाल लागला, दोन-तीन ठिकाणी मुलाखती झाल्या, की आपल्याकडच्या मुलामुलींचा एक प्रश्न हमखास असतो. "एक जागा पुण्यात मिळतेय, एक हिमालयात. फेलोशिप दोन्हीकडे सारखीच आहे. डोंगरात स्वस्ताई असेल ना? मग तिकडे गेलं तर पैसे जास्त उरतील का?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात तीन वेगळे हिशेब आहेत: उत्पन्नाचा, घराचा आणि कराचा. आपण बहुतेक वेळा तिसऱ्याची चिंता करतो, पहिल्याकडे एकदा बघून सोडून देतो आणि दुसरा अंदाजाने धरतो. खरं तर निर्णय दुसऱ्यावर ठरतो. या लेखात तोच हिशेब पायरीपायरीने मांडते. मी रसायनशास्त्रातली आहे, अर्थशास्त्रातली नाही. पण या प्रश्नावर अर्थशास्त्रात चाळीसहून अधिक वर्षं काम झालेलं आहे आणि ते समजायला आपल्याला पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणितही पुरतं.

आधी जागा कोणत्या?

"डोंगरात पीएचडी" म्हणजे नेमकं कुठे, हे आधी स्पष्ट करू. हिमाचलमध्ये आयआयटी मंडी आहे. तिचा परिसर मंडी शहरात नाही, तिथून साधारण १४ किलोमीटरवर कमांद इथे, उहल नदीच्या खोऱ्यात आहे. पालमपूरला सीएसआयआरची हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्था आहे. उत्तराखंडात नैनितालजवळ मनोरा पीकवर खगोलशास्त्राची एरीज ही संस्था, अल्मोड्याजवळ कोसी-कटारमल इथे गोविंद बल्लभ पंत राष्ट्रीय हिमालयीन पर्यावरण संस्था, आणि पायथ्याशी डेहराडूनला वाडिया हिमालयीन भूविज्ञान संस्था. आपल्या राज्यातही पुण्याच्या आयआयटीएमने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासासाठी उंचावरची प्रयोगशाळा सुरू केली आहे.

म्हणजे भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र, हवामान, खगोलशास्त्र, पर्यावरण या विषयांतल्या कुणालाही हा प्रश्न पडू शकतो. केडगावच्या घरात बसून तो फार लांबचा वाटतो, पण झेलम एक्स्प्रेस पुण्याहून निघून दौंड, नगर, मनमाड करत थेट पंजाब-जम्मूकडे जाते. अंबाल्याला उतरलं की पुढे मंडीचा रस्ता. जाणं अवघड नाही. राहणं परवडतं का, हा मुद्दा आहे.

पहिला हिशेब: उत्पन्न

केंद्राच्या नियमांप्रमाणे १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफला ४२,००० रुपये मिळतात. त्याआधी २०१९ पासून हे आकडे ३१,००० आणि ३५,००० होते. देशात कुठेही जा, आकडा तोच. फेलोशिपला महागाई भत्ता नसतो, त्यामुळे एकदा ठरलेली रक्कम पुढची वाढ जाहीर होईपर्यंत तशीच राहते आणि मधल्या काळात बाजारभाव वाढत राहतात.

आता याला जोडून येतो घरभाडे भत्ता. इथेच पहिला फरक पडतो. हा भत्ता फेलोशिपच्या टक्क्यांत मिळतो आणि टक्केवारी शहराच्या वर्गावर ठरते: एक्स वर्गाला ३०, वाय वर्गाला २०, झेड वर्गाला १०. हे सध्याचे दर आहेत. वर्ग कशावर ठरतो? लोकसंख्येवर. ५० लाख आणि त्याहून जास्त म्हणजे एक्स, ५ ते ५० लाख म्हणजे वाय, बाकी सगळे झेड.

२०११ च्या जनगणनेत पुणे नागरी समूह ५० लाखांच्या किंचित वर गेला, म्हणून पुणे आज एक्समध्ये आहे. डेहराडून वायमध्ये आहे. त्याच जनगणनेत नगर शहर साडेतीन लाखांच्या आसपास होतं, म्हणजे झेड. मंडी शहर जेमतेम २६ हजारांचं, तेही झेड. नैनिताल, अल्मोडा, पालमपूर, सगळे झेड.

जेआरएफच्या ३७,००० वर हा भत्ता असा निघतो:

- पुणे: ११,१०० रुपये
- डेहराडून: ७,४०० रुपये
- मंडी, नैनिताल, पालमपूर किंवा आपलं नगर: ३,७०० रुपये

पुणे आणि मंडी यांत महिन्याला ७,४०० रुपयांचा फरक. एसआरएफ झाल्यावर तो ८,४०० होतो. दोन वर्षं जेआरएफ आणि तीन वर्षं एसआरएफ धरली, तर पाच वर्षांत नुसत्या भाडेभत्त्याचा फरक १,७७,६०० अधिक ३,०२,४००, म्हणजे बरोबर ४,८०,००० रुपये होतो. "फेलोशिप सगळीकडे सारखीच" या वाक्यात हे पावणेपाच-पाच लाख दडलेले असतात.

दुसरा हिशेब: घर

तुम्ही म्हणाल, भत्ता कमी असला तर काय झालं, भाडंही कमीच असणार. लहान गाव, स्वस्त खोली. सपाट भागात हे बऱ्यापैकी खरं आहे. केडगावला खोलीचं भाडं पुण्याच्या कोथरूडपेक्षा कमी असतं, हे सांगायला संशोधन लागत नाही. डोंगरात मात्र लोकसंख्या आणि भाडं यांचं नातं तुटतं.

का तुटतं, ते अल्बर्ट सायझ यांच्या २०१० च्या एका गाजलेल्या शोधनिबंधातून समजतं. त्यांनी अमेरिकेतल्या शहरांभोवतीच्या जमिनीचा उपग्रहावरून मिळालेल्या माहितीने अभ्यास केला आणि किती जमिनीवर घरं बांधता येतात ते मोजलं. १५ टक्क्यांपेक्षा जास्त उताराची जमीन आणि पाण्याखालची जमीन त्यांनी वजा केली. अशी न बांधता येणारी जमीन जिथे जास्त, तिथे घरांचा पुरवठा ताठर असतो. मागणी वाढली की सपाट शहरात नवी घरं उभी राहतात. तिथे घरं उभी राहत नाहीत, फक्त किंमत वाढते.

आपल्याकडे नगर-पुणे रस्त्याने बघा. सुप्याला एमआयडीसी आली, मागणी वाढली, तशी माळरानावर प्लॉट पडत गेले. जमीन सपाट आहे, पसरायला जागा आहे. कमांदच्या खोऱ्यात किंवा नैनितालच्या तळ्याभोवती पसरायला जागाच नाही. त्यात आणखी दोन गोष्टींची भर. एक, पर्यटक. हंगामात दिवसाच्या भाड्याने जाणारी खोली घरमालक विद्यार्थ्याला महिन्याच्या भाड्याने कशाला देईल? दोन, नियम. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं आणि तिथल्या बांधकामावर बंधनं आली. बंधनं योग्यच आहेत, पण त्यामुळे खोल्यांची संख्या वाढत नाही हेही खरं.

थोडक्यात, भत्ता गावातली माणसं मोजून मिळतो आणि भाडं गावातल्या सपाट जमिनीवर ठरतं. डोंगरात माणसंही कमी आणि सपाट जमीनही कमी. त्यामुळे तिथला संशोधक दोन्हीकडून कात्रीत सापडतो.

आता आकडे मांडू

एक मुलगी कल्पू. जेआरएफ आहे, घरी दर महिन्याला काहीतरी पाठवायचं आहे. खालच्या खर्चाचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, ते कुठल्याही सर्वेक्षणातले नाहीत. तुम्ही तुमच्या जागेचे आकडे चौकशी करून घाला. पद्धत तीच राहील.

पुण्यात बाहेर खोली घेऊन: फेलोशिप आणि भत्ता मिळून ४८,१०० रुपये. दोघींत घेतलेल्या खोलीचा तिचा वाटा ९,०००, जेवण ४,५००, येणं-जाणं १,५००, महिन्याला घरी चकरा ८००. एकूण खर्च १५,८००. उरले ३२,३००.

डोंगरात बाहेर खोली घेऊन: फेलोशिप आणि भत्ता ४०,७००. खोलीचा वाटा ७,०००, जेवण ५,०००, येणं-जाणं १,५००, थंडीचा खर्च (रजई, हीटर, गरम कपडे, जादा वीज) वर्षाचा वाटून महिन्याला १,०००, आणि वर्षातून दोनदा घरी येण्याचा खर्च वाटून १,०००. एकूण १५,५००. उरले २५,२००.

खर्च बघा, डोंगरात ३०० रुपयांनी कमीच आहे. स्वस्ताई खोटी नाही. पण हातात ७,१०० रुपये कमी उरले, कारण भाडं २,००० नी उतरलं आणि भत्ता ७,४०० नी. वर्षाला हा फरक ८५,२०० होतो.

आता तीच मुलगी दोन्हीकडे हॉस्टेलला राहिली तर? हॉस्टेल मिळालं की भाडेभत्ता मिळत नाही, त्यामुळे दोन्हीकडे सुरुवात ३७,००० पासून. हॉस्टेलचं शुल्क २,००० आणि मेस ४,५०० दोन्हीकडे सारखं धरू. पुण्यात घरच्या चकरांचे ८०० वजा जाता २९,७०० उरतात. डोंगरात थंडी आणि प्रवासाचे २,००० वजा जाता २८,५००. फरक फक्त १,२००.

हेच या सगळ्या हिशेबाचं सार आहे. "डोंगर की मैदान" यापेक्षा "हॉस्टेल मिळणार का, आणि किती वर्षं" हा प्रश्न पैशांच्या दृष्टीने कितीतरी मोठा आहे. हॉस्टेल असेल तर डोंगर जवळपास पुण्याइतकाच परवडतो. नसेल तर वर्षाला पाऊण-एक लाखाचा खड्डा पडतो. लग्न झालेलं असेल, लहान मूल असेल, आई-वडिलांना सोबत न्यायचं असेल, तर एका खोलीचं हॉस्टेल उपयोगाचं नाही आणि विवाहित विद्यार्थ्यांसाठीच्या खोल्या सगळीकडे थोड्याच असतात. त्यांनी दुसरा, म्हणजे बाहेरच्या खोलीचा हिशेबच मांडावा, आणि तोही वाटा न धरता पूर्ण भाड्याचा.

दोन बारीक गोष्टी लक्षात ठेवा. यूजीसीच्या नियमात, संस्थेने देऊ केलेलं हॉस्टेल तुम्ही नाकारलंत तर भाडेभत्त्यावरचा हक्क जातो. आणि संस्थेची स्वतःची शिष्यवृत्ती असेल, तर आकडा ३७,००० असला तरी त्यावर भाडेभत्ता असेलच असं नाही. बार्टी, सारथी किंवा महाज्योतीच्या फेलोशिपवर जाणार असाल, तर राज्याबाहेरच्या संस्थेत ती चालते का, हे प्रवेश घेण्याआधी लेखी विचारा.

तिसरा हिशेब: कर

"तिकडे टॅक्स कमी असतो म्हणे." हे वाक्य मी बऱ्याच वेळा ऐकलंय. त्यात थोडं तथ्य आहे, पण आपल्या कामाचं फार कमी.

आयकर केंद्राचा आहे. केडगाव असो की कमांद, दर एकच. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१६) खाली करमुक्त धरली गेली आहे. समजा एखाद्या प्रोजेक्टवर तुम्ही पगारी असाल आणि रक्कम करपात्र धरली गेली, तरी ३७,००० चे वर्षाला ४,४४,००० होतात आणि ४२,००० चे ५,०४,०००. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत धरून कर शून्य होतो. म्हणजे कर लागतच नाही. टीडीएस कापला गेला असेल, तर विवरणपत्र भरून परत मागायचा, एवढंच काम.

सिक्कीम, लडाख किंवा ईशान्येकडच्या काही भागांत आयकराची खास सूट आहे हे खरं. पण ती तिथल्या मूळ सिक्कीमी लोकांना किंवा ठरावीक भागांतल्या अनुसूचित जमातींना आहे. नगरहून तिकडे राहायला गेलं म्हणून ती आपल्याला लागू होत नाही.

राज्यानुसार खरा बदलतो तो व्यवसाय कर. महाराष्ट्रात नोकरदाराला तो महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, असा वर्षाला २,५०० रुपये पडतो. महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर सूट आहे. घटनेच्या कलम २७६ ने या कराची कमाल मर्यादाच २,५०० ठरवलेली आहे. हिमाचल आणि उत्तराखंडात हा कर नाही. म्हणजे डोंगरात नोकरी लागली तर कराची बचत वर्षाला २,५००.

ही रक्कम दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवा. केंद्रीय संस्थेत सहायक प्राध्यापक म्हणून लागलात, तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० असतं. त्यावर घरभाडे भत्ता पुण्यात १७,३१० आणि मंडीत ५,७७०. फरक महिन्याला ११,५४०, वर्षाला १,३८,४८०. कराचे अडीच हजार एका पारड्यात आणि हे एक लाख अडतीस हजार दुसऱ्यात. कराकडे बघून डोंगर निवडणं म्हणजे सुतळी वाचवायला पोतं सोडण्यासारखं आहे.

कर कमी म्हणून डोंगरात राहायला जाणारी माणसं जगात आहेत, पण ती दुसऱ्या देशात. अमेरिकेत राज्यंही आयकर लावतात आणि काही राज्यं लावत नाहीत. वायोमिंग हे डोंगराळ राज्य त्यातलंच. तिथल्या टेटन काउंटीत देशभरचे श्रीमंत घरं घेतात. परिणाम काय? घरांच्या किमती इतक्या चढल्या की तिथे काम करणाऱ्या साध्या माणसांना राहायला जागा मिळणं कठीण. वॉलेस ओट्स यांनी १९६९ मध्येच न्यू जर्सीतल्या वस्त्यांचा अभ्यास करून दाखवलं होतं की स्थानिक करांचा आणि सोयींचा परिणाम घरांच्या किमतीत उतरतो. जो कर वाचला असं वाटतं, तो घर घेताना आधीच वसूल झालेला असतो. आपल्यातलं कुणी पीएचडीला अमेरिकेला जाणार असेल, उदाहरणार्थ सुमारे २,२०० मीटर उंचीवरच्या लॅरामीला वायोमिंग विद्यापीठात किंवा शेजारच्या कोलोरॅडोत, तर तिथे स्टायपेंडवर कर लागतो हे धरून चाला. भारत-अमेरिका करारातल्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट घेता येते, ती मागायला विसरू नका.

या सगळ्यामागचा सिद्धांत

आता थोडं मागे जाऊन विचार करू. पुण्यात पगार जास्त मिळतो, मग सगळं केडगाव पुण्याला का जात नाही? कारण पुण्यात भाडंही जास्त. पगारातून भाडं वजा करा, त्यात त्या जागेचं सुख-दुःख मिळवा: हवा, पाणी, दवाखाना, रहदारी, जवळची माणसं. हे सगळं मिळून दोन्हीकडे साधारण सारखं वाटू लागलं की माणसं जागा बदलायचं थांबवतात. शर्विन रोझेन यांनी १९७९ मध्ये आणि जेनिफर रोबॅक यांनी १९८२ मध्ये या कल्पनेला गणिती रूप दिलं. या मांडणीत जागेचं सुख फुकट मिळत नाही. चांगल्या हवेच्या, सुंदर जागी माणसं कमी पगारावरही राहायला तयार होतात आणि जास्त भाडंही देतात. म्हणजे त्या सुखाची किंमत दोन वाटांनी वसूल होते, थोडी पगारातून, थोडी भाड्यातून.

आपल्या प्रश्नाला हे लावून बघा. फेलोशिप देशभर एकच आहे, म्हणजे जागेनुसार पगार हलण्याची वाट इथे बंद आहे. मग उरते फक्त भाड्याची वाट. त्यात भाडेभत्ता लहान गावाला कमी, म्हणजे उत्पन्न उलट्या दिशेने हलतं. जागा गैरसोयीची असेल तर एखादी कंपनी जास्त पगार देऊन माणसं नेते. फेलोशिपमध्ये ती सोय नाही. कायम केंद्रीय कर्मचाऱ्यांना अवघड ठिकाणांसाठी वेगळा भत्ता असतो, फेलोंना नसतो.

रोबॅकच्या मांडणीतून निघणारी एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. भाडं कोण ठरवतं? ज्याला डोंगराची सर्वात जास्त ओढ आहे तो नव्हे, आणि ज्याला मुळीच नाही तोही नव्हे. जो काठावर आहे, म्हणजे भाडं आणखी जरा वाढलं तर निघून जाईल, तो ठरवतो. त्याला डोंगराची जितकी किंमत वाटते, तितकी सगळ्यांकडून वसूल होते. तुम्हाला त्याच्यापेक्षा डोंगर जास्त प्रिय असेल, तर तुमचा फायदा. कमी असेल, तर जे दृश्य तुम्ही खिडकी उघडून बघणारही नाही, त्याचे पैसे दर महिन्याला भरत राहाल.

म्हणून स्वतःला विचारा: मला त्या जागेचं नेमकं काय हवं आहे? संशोधकाच्या बाबतीत उत्तर फक्त हवा आणि दृश्य एवढंच नसतं. हिमनद्यांवर काम असेल, उंचावरच्या वनस्पतींवर असेल, किंवा एरीजच्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीतून निरीक्षणं घ्यायची असतील, तर डोंगर हाच तुमचा डेटा आहे. तिथे दिलेले महिन्याचे सात हजार हे वाया गेलेलं भाडं नाही, ती तुमच्या प्रयोगशाळेची किंमत आहे. पण काम संगणकावरच चालणार असेल, किंवा तेच उपकरण पुण्यात असेल, तर तो युक्तिवाद टिकत नाही.

आणि सिद्धांतातलं एक गृहीतक आपल्याला लागू पडत नाही, ते उघड सांगायला हवं. त्यात माणसं मोकळेपणी कुठेही जाऊ शकतात असं धरलेलं असतं. घरी आजारी आई, धाकट्याची फी, शेतीचं कर्ज असेल, तर आपण तितके मोकळे नसतो. आपल्यासाठी "महिन्याला घरी किती पाठवता येतील" ही अट आधी, बाकीची आवड नंतर. ती अट कमीपणाची नाही. समीकरणात ती पहिल्या ओळीत लिहायची असते.

कायमचं राहायचं झालं तर

काही जण पुढचा विचार करतात: तिकडेच नोकरी, तिकडेच छोटंसं घर. इथे कायदा मध्ये येतो. हिमाचलच्या १९७२ च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याचं कलम ११८ सांगतं की शेतकरी नसलेल्याला राज्य सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. आणि "शेतकरी" म्हणजे हिमाचलात शेती असलेला. नगर तालुक्यातला तुमचा सातबारा तिथे चालत नाही. उत्तराखंडातही बाहेरच्यांच्या जमीन खरेदीवर मर्यादा आहेत. अगदी आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या पायथ्याशी जमीन घ्यायची म्हटलं तरी आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींना परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि शेतकरी नसाल तर शेतजमीनच घेता येत नाही. हे कायदे स्थानिकांच्या हातून जमीन जाऊ नये म्हणून आहेत. आपल्या हिशेबात त्यांचा अर्थ इतकाच, की डोंगरात तुम्ही बहुधा भाडेकरूच राहणार. त्यामुळे वीस वर्षांच्या हिशेबातही भाडं चालू ठेवा.

होकार कळवण्याआधी

संस्थेला आणि तिथल्या सीनियर मुलामुलींना हे विचारा, शक्यतो ईमेलवर:

- हॉस्टेल पहिल्या दिवसापासून मिळतं का? चौथ्या-पाचव्या वर्षी काढून घेतात का?
- विवाहितांसाठी खोल्या किती, आणि प्रतीक्षा किती?
- फेलोशिप कोणाकडून येते, आणि त्यावर घरभाडे भत्ता आहे का?
- बाहेर राहणारी मुलं खोलीला खरं किती भाडं आणि किती डिपॉझिट देतात? हंगामात खोली रिकामी करायला लावतात का?
- सर्वात जवळचं मोठं रुग्णालय किती तासांवर आहे?
- पावसाळ्यात रस्ता किती दिवस बंद असतो? २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मंडी जिल्ह्यात दरडी कोसळून रस्ते बंद पडले होते, तेव्हा काय केलं?

एक तरतूद मात्र कुठेही जाल तिथे करा, डोंगरात दुप्पट काळजीने. फेलोशिप वेळेवर येतेच असं नाही. सुरुवातीची कागदपत्रं फिरण्यात दोन-तीन महिने सहज जातात. पुण्यात अशा वेळी मामाकडे, मैत्रिणीकडे राहता येतं, नगरहून डबाही येतो. तिकडे कुणी नसतं. आपल्या उदाहरणातल्या मुलीला महिन्याला १५,५०० लागतात, म्हणजे तीन महिन्यांचे ४६,५००, वर डिपॉझिट आणि पहिल्या थंडीचे कपडे. एवढी रक्कम खात्यात असल्याशिवाय निघू नका.

घरी राहून, राहुरीच्या कृषी विद्यापीठात किंवा नगरमधल्या एखाद्या महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात पीएचडी करणं हाही पर्याय याच कागदावर मांडा. पैशांच्या रकान्यात तो बहुधा सगळ्यांच्या पुढे असेल. गाईड, उपकरणं आणि सोबत काम करणारी माणसं या रकान्यांत तो कुठे बसतो, हे तुमच्या विषयावर अवलंबून आहे. कागदावर तीन उभे रकाने आखा, प्रत्येक ठिकाणी महिन्याअखेर हातात उरणारी रक्कम तळाशी लिहा, आणि तो कागद घरच्यांना दाखवा. "तिकडं भागंल का तुझं?" या त्यांच्या प्रश्नाला मग आकड्यात उत्तर देता येतं.